दिवाळीत आलेला मसुदा: छतावरच्या सौर नियमांवर एका सोसायटीने घेतलेली हरकत

ग्राहक चळवळीत काम करताना या सोसायटीची कागदपत्रं मी पहिल्यापासून पाहत आले. सोसायटीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि तिचे आकडे पूर्णांकात घेतले आहेत. नियम, तारखा आणि आयोगाचे निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरातली ही सोसायटी. चार इमारती, शंभर सदनिका. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, सांडपाणी प्रक्रिया केंद्र हे सगळं एका सामायिक मीटरवर चालतं. महिन्याचा वापर साधारण ४,००० युनिट.

आपल्याकडे सोसायटीच्या सामायिक वापराला घरगुती दर लागतो, आणि घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातो. पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी, मग ३०० पर्यंत वेगळा, ५०० पर्यंत आणखी वेगळा. दोन खोल्यांच्या घराला हे टप्पे मदत करतात. शंभर घरांच्या लिफ्ट-पंपांचा वापर एकाच मीटरवर मोजला, की त्यातले बहुतेक युनिट सरळ सर्वांत वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. २०१९ मध्ये त्या टप्प्यातल्या एका युनिटचा खर्च वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा आकार) आणि वीज शुल्क धरून दहा रुपयांच्या बराच पुढे जात होता. मासिक देखभाल शुल्कातला मोठा वाटा वीजबिलातच जायचा.

सप्टेंबर २०१९ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ३० किलोवॅटची सौर यंत्रणा बसवायचा ठराव झाला. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पाण्याच्या टाक्यांची आणि लिफ्टच्या खोल्यांची सावली सोडून दोन इमारतींच्या गच्चीवर तेवढी जागा निघत होती. किलोवॅटला ५०,००० रुपये धरून एकूण खर्च १५ लाख, म्हणजे सदनिकेमागे १५,०००. सभेत सर्वांत जास्त वेळ गेला तो वर्गणी कधीपर्यंत भरायची यावर. तंत्रज्ञानाबद्दल कोणालाच फारशी शंका नव्हती, कारण शेजारच्या सोसायटीचं बिल कसं उतरलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

ते उतरलं होतं नेट मीटरिंगमुळे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचे नियम केले होते. दिवसा छतावर जास्त वीज तयार झाली की ती वीज कंपनीच्या जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये जाते, रात्री आपण जाळ्यातून घेतो, आणि बिल करताना युनिटाला युनिट वजा होतं. महिनाअखेरीस शिल्लक राहिलेले युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी हिशेब मिटतो. सोसायटीचं सगळं गणित या एका वजावटीवर उभं होतं.

इथे कायद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट त्यावरच फिरते. हवामानबदलावर सर्वंकष असा एकच कायदा भारतात नाही. माळढोक पक्ष्याच्या खटल्यात २१ मार्च २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही हे नोंदवलं आहे. त्यामुळे आपल्या छतावर सौरपत्रे परवडतील की नाही, हे ठरतं विद्युत अधिनियम २००३ खाली राज्याचा नियामक आयोग जे विनियम करतो त्यात. संसदेत किंवा विधानसभेत त्यावर गाजलेली चर्चा आपल्याला सापडणार नाही. पण याच अधिनियमाच्या कलम १८१ मध्ये अट आहे, की आयोगाने विनियम करण्याआधी त्यांचा मसुदा प्रसिद्ध केला पाहिजे. मसुद्यावर सूचना-हरकती पाठवायला वकील लागत नाही, शुल्क लागत नाही, आणि मराठीत लिहिलेलं चालतं. हा दरवाजा कायद्याने उघडा ठेवलेला आहे आणि त्यातून आत जाणारी माणसं फारच थोडी आहेत, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

अडचण

२०१९ च्या दिवाळीच्या सुमारास आयोगाने छतावरच्या नवीकरणीय ऊर्जेसाठी नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. नेट मीटरिंग छोट्या घरगुती ग्राहकांपुरतं ठेवावं आणि बाकीच्यांना ‘नेट बिलिंग’ लागू करावं, असा त्याचा रोख होता. नेट बिलिंगमध्ये छतावरची वीज कंपनीने ठरावीक दराने विकत घ्यायची, आपण वापरलेल्या विजेचं बिल नेहमीच्या किरकोळ दराने लावायचं, आणि दोन्हींची वजावट युनिटांत न करता रुपयांत करायची. छोट्या ग्राहकासाठी कोणतीही मर्यादा ठेवली असती, तरी सोसायटीचा सामायिक मीटर तिच्या कितीतरी बाहेर जाणार होता.

सचिवांना ही बातमी यंत्रणा बसवणाऱ्या विक्रेत्याकडून कळली. तोपर्यंत निम्म्याहून जास्त सदस्यांनी वर्गणी भरली होती आणि आगाऊ रकमेचा धनादेश लिहून तयार होता.

समोर असलेले पर्याय

समितीची बैठक भाऊबीजेनंतर बसली. पहिली सूचना अर्थातच घाईची होती. विक्रेत्याचं म्हणणं पडलं, की जुन्या नियमांत अर्ज टाकून द्या, पुढचं पुढे बघू. समितीतल्या निवृत्त अभियंता काकांनी मसुद्यातली संक्रमणाची, म्हणजे जुन्या नियमांतून नव्या नियमांत जाण्याची कलमं दोनदा वाचली. जोडणी वेळेत मिळेल याची हमी कोणीही देत नव्हतं, आणि १५ लाख सदस्यांचे होते. ही सूचना तिथेच थांबली.

दुसरी सूचना, आमदारांना भेटू. एरवी पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीचा हा पहिला मार्ग. पण विधानसभेचे निकाल २४ ऑक्टोबरला लागले होते आणि सरकार बनत नव्हतं. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. नव्या आमदारांचा शपथविधीसुद्धा २७ नोव्हेंबरला झाला. मसुद्यावर हरकती घेण्याचा काळ नेमका याच आठवड्यांत होता. भेटायचं तर कोणाला, हाच प्रश्न होता. आणि भेट झाली असती तरी विनियम करण्याचा अधिकार आयोगाचा. झालेले विनियम विधिमंडळासमोर ठेवले जातात ते कलम १८२ नुसार, म्हणजे नंतर.

तिसरी सूचना बॅटरी बसवून जाळ्यावर अवलंबून न राहण्याची. त्या वेळच्या बॅटरीच्या किमतीत ती अर्ध्या तासात बाद झाली.

चौथी, थांबायचं आणि काय होतं ते पाहायचं. ही सूचना दिसायला निरुपद्रवी, पण तिच्यात एक धोका होता आणि तो मी बैठकीत स्पष्ट सांगितला. आयोगाचा एखादा आदेश पटला नाही तर कलम १११ खाली विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाता येतं. विनियमांचं तसं नाही. पीटीसी इंडिया या वीज-व्यापार कंपनीच्या २०१० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं आहे, की विनियम हे दुय्यम विधान, म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकारातून केलेला कायदाच आहे आणि त्याची वैधता न्यायाधिकरणात तपासता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिकाच करावी लागते. शंभर घरांची सोसायटी रिट करणार नाही. म्हणून मसुद्यावरची हरकत ही तिच्यासाठी पहिलीच आणि व्यवहारात शेवटची संधी होती.

ठरलं असं: आगाऊ रक्कम रोखायची, ठराव रद्द करायचा नाही, आणि मुदतीत हरकत नोंदवायची.

पत्र कोणाचं

विक्रेत्याने छापील पत्र आणून दिलं. खाली सोसायटीचं नाव आणि शिक्का टाकायचा की काम झालं. सौर व्यवसायाच्या संघटना या मसुद्याविरुद्ध जोरात उतरल्या होत्या आणि त्यांचे मुद्दे चुकीचे नव्हते. सचिवांना ते पत्र पाठवायचं होतं, कारण वेळ वाचत होता.

खजिनदारताईंनी विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: हे पत्र धंदा बुडेल म्हणून लिहिलेलं आहे, आपला प्रश्न धंद्याचा नाही. आयोगाकडे एकाच मजकुराची शेकडो पत्रं गेली तर ती एकाच मुद्द्यात जमा होतात. आपल्याकडे आपलं बिल आहे, ते कोणाकडेच नाही.

या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता असं मला वाटतं. विक्रेता थोडा नाराज झाला, पण ताईंनी छापील पत्र बाजूला ठेवून बिलांची फाइल उघडली.

हरकतीत काय होतं

दोन पानं. पहिल्या पानावर फक्त हिशेब. ३० किलोवॅटची यंत्रणा आपल्या हवामानात दिवसाला सरासरी १२० युनिट देते, महिन्याला ३,६००. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. ४,००० मधून ३,६०० गेले तर उरलेले ४०० युनिट खालच्या टप्प्यांत बसतात, म्हणजे वाचणारा जवळजवळ प्रत्येक युनिट सर्वांत महाग टप्प्यातला. ताईंनी त्याचा दर मुद्दाम कमी, ११ रुपये धरला. आकडा फुगवल्याचा आक्षेप कोणी घेऊ नये म्हणून.

नेट मीटरिंगमध्ये महिन्याची बचत ३९,६०० रुपये, म्हणजे १५ लाख तीन वर्षं आणि दोन-तीन महिन्यांत वसूल. नेट बिलिंगमध्ये कंपनीचा खरेदी दर काय असेल ते नक्की नव्हतं, म्हणून त्यांनी सोसायटीला अनुकूल असा ४ रुपये धरला: महिन्याला १४,४००, वसुलीला आठ वर्षं आठ महिने. दुसऱ्या पानाची पहिली ओळ अशी होती, की हा फरक पाहता आमच्या सर्वसाधारण सभेने हा ठराव मंजूर केला नसता.

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. ‘सौरऊर्जेला खीळ बसेल’ असं शेकडो पत्रांत लिहिलेलं असतं. इथे एक सहकारी संस्था आपल्या ठरावाची प्रत जोडून सांगत होती, की अमुक नियमात आम्ही १५ लाख घालणार होतो आणि तमुक नियमात घालणार नाही. कलम ८६ मध्ये नवीकरणीय ऊर्जेला चालना देणं हे आयोगाचं काम म्हणून लिहिलेलं आहे. त्या कलमाचा उल्लेख लगेच खाली होता.

मग तीन मागण्या. नेट मीटरिंग मंजूर भारापर्यंत, म्हणजे जोडणीला कंपनीने मंजूर केलेल्या किलोवॅटपर्यंत, सर्वांना खुलं ठेवा. ते शक्य नसेल तर निदान गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक जोडणीला ‘मोठा ग्राहक’ समजू नका, कारण तिच्यामागे शंभर छोटी घरं आहेत. आणि तिसरी मागणी, जिच्यावरून समितीत खरा वाद झाला.

पोळीवाल्या मावशींचं बिल

वाद असा. वितरण कंपन्यांचा युक्तिवाद सगळीकडे सारखा असतो: छतावर सौरपत्रे लावणारा ग्राहक रात्री जाळं वापरतो, पण तारा, रोहित्रं, देखभाल यांचा खर्च त्याच्या बिलातून पुरेसा निघत नाही. शिवाय वरच्या टप्प्यातले ग्राहक जे जास्त पैसे भरतात, त्यातूनच खालच्या टप्प्यातल्या घरांचा आणि शेतीपंपांचा दर खाली राखला जातो. वरचे ग्राहक बाहेर पडले की तो भार उरलेल्यांवर येतो.

समितीतल्या एका तरुण सदस्याला हा नुसता बहाणा वाटत होता. अभियंता काकांना वाटत नव्हता. ते म्हणाले, आपल्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या वस्तीतलं बिल आपल्या बचतीमुळे चार रुपयांनी वाढणार असेल, तर ते आपण पाहायला नको का?

बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दोन बाजू झाल्या. एक म्हणे, हा मुद्दा आपण स्वतःहून मांडलाच नाही तर बरं. समोरच्याच्या हातात काठी का द्यायची? दुसरी म्हणे, आयोगासमोर तो मुद्दा येणारच आहे, आपण गप्प राहिलो तर आपलं पत्र फक्त स्वार्थाचं दिसेल.

मी दुसऱ्या बाजूची होते आणि आजही आहे. स्वच्छ ऊर्जेची मागणी करणाऱ्यांनी गरीब ग्राहकाचा प्रश्न टाळला, तर तो प्रश्न स्वच्छ ऊर्जेच्या विरोधात वापरला जातो, आणि तेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं. उत्तर असू शकतं. छतावरची वीज जिथे तयार होते तिथेच बरीचशी वापरली जाते, त्यामुळे दूरवरून आणताना होणारी गळती वाचते. दुपारच्या मागणीचा थोडा भार हलका होतो. कंपनीला नवीकरणीय खरेदीचं जे बंधन आहे ते पूर्ण व्हायला हातभार लागतो. हे फायदे किती आणि तोटा किती, याचा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे. तो मांडल्याशिवाय शुल्क लावणं चूक, आणि तोटा शून्यच आहे असं म्हणणंही चूक.

शेवटी तिसरी मागणी अशी लिहिली गेली: आम्ही स्थिर आकार भरतो आणि भरत राहू. जाळ्याच्या वापराचा न्याय्य खर्च द्यायलाही आमची ना नाही. पण छतावरची सौर क्षमता आज एकूण विजेच्या तुलनेत इतकी थोडी आहे, की तिचा परिणाम मोजता येईल अशा पातळीला ती पोचेपर्यंत वेगळं शुल्क लावू नये, आणि ती पातळी कोणती हे आयोगाने अभ्यास करून आधी जाहीर करावं.

पत्र मराठीत लिहिलं. ईमेलने पाठवलं आणि एक प्रत टपालाने कफ परेडच्या जागतिक व्यापार केंद्रातल्या आयोगाच्या कार्यालयात.

काय झालं

३० डिसेंबर २०१९ रोजी अंतिम विनियम अधिसूचित झाले. नेट मीटरिंग राहिलं, मंजूर भाराच्या किंवा करार मागणीच्या (कंपनीशी करारात ठरलेल्या कमाल मागणीच्या) मर्यादेत. नेट बिलिंग सक्तीचं न राहता ग्राहकाने हवं तर निवडायचा पर्याय झालं. मात्र ‘ग्रिड सपोर्ट चार्जेस’, म्हणजे जाळ्याच्या आधाराचं शुल्क, दरनिश्चितीच्या आदेशातून लावता येईल अशी तरतूद आली. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांना त्यातून वगळलं होतं. सोसायटीच्या ३० किलोवॅटला ती सूट नव्हती.

हे एका पत्रामुळे झालं असं कोणीही म्हणत नाही. उद्योग, ग्राहक संघटना, अभ्यासगट, वैयक्तिक ग्राहक अशा अनेकांनी हरकती घेतल्या होत्या. सोसायटीचं पत्र त्यातलं एक होतं.

समितीपुढे पुन्हा निर्णय आला. आता सुरू करायचं की शुल्काचं ठरेपर्यंत थांबायचं? वितरण कंपनीची पुढच्या पाच वर्षांची दरयाचिका आयोगापुढे होती आणि तीत या शुल्काचा प्रस्ताव होता. सदस्य कंटाळले होते. वर्गणी परत मागणारे दोन अर्जही आले. समितीने मार्चपर्यंत थांबायचं ठरवलं आणि खजिनदारताई फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यातल्या जाहीर सुनावणीला गेल्या.

ज्यांनी अशी सुनावणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. दारात नाव नोंदवायचं, हरकतीची प्रत द्यायची, नाव पुकारलं की माइकपाशी जायचं. सकाळपासून उद्योगांचे प्रतिनिधी बोलत होते, हातात जाडजूड फाइली, इंग्रजीत सादरीकरणं. ताईंचा नंबर जेवणानंतर लागला. त्यांच्या हातात तीन बिलं होती, मे, ऑगस्ट आणि डिसेंबरची. त्यांनी प्रत्येक बिलातला एकच आकडा वाचला, वरच्या टप्प्यातल्या युनिटांचा. मग प्रस्तावित शुल्क लागलं तर वसुलीची मुदत कुठे जाते ते सांगितलं, आणि शेवटी ती तिसरी मागणी. पाच मिनिटांच्या आत त्या जागेवर परत आल्या. बाहेर पडताना दुसऱ्या एका सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यांच्याकडून हिशेबाचा कागद फोटो काढून घेतला.

३० मार्च २०२० च्या आदेशात आयोगाने हे शुल्क तूर्त लावू नये असं ठरवलं. राज्यातली छतावरची एकूण क्षमता २,००० मेगावॅटपर्यंत पोचल्यावर त्याचा विचार होईल. पातळी आधी ठरवून जाहीर करण्याची मागणी पत्रात होती, आणि आदेशात तसा उंबरठा आला. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला. पुढे मार्च २०२३ च्या आदेशात तो ५,००० मेगावॅटवर नेला गेला.

दिल्लीहून आलेला झटका

टाळेबंदीत काम वर्षभर लांबलं. यंत्रणा बसायच्या बेतात असताना ३१ डिसेंबर २०२० रोजी केंद्र सरकारचे वीजग्राहक हक्क नियम आले. त्यांत नेट मीटरिंग १० किलोवॅटपर्यंत आणि त्यावर ग्रॉस मीटरिंग, म्हणजे छतावरची सगळी वीज कंपनीला ठरावीक दराने द्यायची आणि आपला वापर वेगळा मोजायचा, असं लिहिलेलं होतं. राज्याच्या विनियमांत मिळालेलं केंद्राच्या नियमांत निसटलं की काय, याचा उलगडा कोणालाच नीट होत नव्हता.

समितीने या वेळी वेळ घालवला नाही. तोच हिशेब, तीच दोन पानं, पत्ता ऊर्जा मंत्रालयाचा. २८ जून २०२१ रोजी दुरुस्ती झाली आणि मर्यादा ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांतली कमी असेल ती, अशी झाली. सोसायटीचे सौरपत्रे त्या पावसाळ्यानंतर गच्चीवर चढले.

पहिल्या पूर्ण वर्षात बचत हिशेबाच्या जवळपास आली. पावसाळ्यात धरलं होतं त्यापेक्षा कमी आणि हिवाळ्यात थोडी जास्त. पंप रात्री चालवायची जुनी सवय मोडून ते दुपारी चालवायला सुरुवात झाली. नेट मीटरिंगमध्ये सोसायटीला त्याने काही फरक पडत नाही. काकांचा आग्रह असा, की जाळ्याचा वापर कमी करता येत असेल तर आपण तो करावा, कारण तसं आपण लिहून दिलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

भाडेकरूंचा विचार कोणीच केला नव्हता. शंभरातल्या तीसेक सदनिका भाड्याने आहेत. वर्गणी मालकांनी भरली, सभेत मत मालकांनाच, पण देखभाल शुल्क बऱ्याच करारांत भाडेकरू भरतात. बचत झाल्यावर शुल्क किती कमी करायचं आणि किती रक्कम मालकांच्या वर्गणीपोटी वळती करायची, यावर जो तंटा झाला तो ठरावाच्या वेळीच मिटवता आला असता. हवामानाच्या प्रश्नावर नागरिकांचा आवाज म्हणून बोलताना ‘नागरिक’ म्हणजे फक्त सदनिकेचे मालक असं नकळत धरलं गेलं होतं.

हरकत एकट्याने घेतली गेली. त्याच रस्त्यावरच्या आणखी पाच सोसायट्यांनी आपापले आकडे जोडले असते, तर सामायिक जोडणीचा मुद्दा कितीतरी ठळक झाला असता. ‘एकाच मजकुराची पत्रं नकोत’ हा निर्णय योग्य होता, पण त्याचा अर्थ ‘इतरांना सांगूच नका’ असा नव्हता. हिशेबाचा नमुना सारखा आणि आकडे ज्याचे त्याचे, असं करता आलं असतं.

ग्राहक प्रतिनिधींकडे जायला उशीर झाला. अधिनियमाच्या कलम ९४ खाली आयोग ग्राहकांचं हित मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमू शकतो. महाराष्ट्रात पुण्याचा प्रयास ऊर्जा गट आणि मुंबई ग्राहक पंचायत यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. त्यांची जुनी निवेदनं वाचली असती, तर क्रॉस-सबसिडीवरचा, म्हणजे वरच्या टप्प्याच्या पैशातून खालच्यांचा दर राखण्यावरचा, दोन बैठकांचा वाद एका बैठकीत मिटला असता. अर्थात तो वाद समितीने स्वतः घातला म्हणूनच तिसरी मागणी इतकी स्वच्छ लिहिली गेली, असं अभियंता काकांचं मत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. वाद झालाच असता, माहिती हाताशी ठेवून झाला असता.

आणि एक गोष्ट जी पत्रात असायला हवी होती. उंबरठा मागितला, पण तो गाठला जातोय की नाही हे दर तिमाहीला कुठे जाहीर होणार, ते मागितलं नाही. २,००० किंवा ५,००० मेगावॅट हा आकडा ग्राहकाला सहज पाहता आला नाही, तर तो ओलांडल्याचं त्याला दरयाचिकेतच कळतं.

आत्ता

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या नियमांत पुन्हा दुरुस्ती झाली. १० किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही, मंजुरी मिळाली असं धरलं जातं. केंद्राच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सौरऊर्जेच्या योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सुविधांना किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, वाहन चार्जिंगसह. उरलेल्या दोन इमारतींच्या गच्च्यांचा प्रस्ताव त्या आधारावर सभेपुढे आहे, आणि या वेळी भाडेकरूंच्या वाट्याचं कलम ठरावातच लिहिलेलं आहे.

प्रश्न मात्र संपलेला नाही. २०२५ च्या दरप्रस्तावात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सौरतास धरून दिवसाच्या वेळेप्रमाणे दर आणण्याची मांडणी आली. दिवसा तयार झालेला युनिट रात्रीच्या युनिटातून वजा होणार की नाही, हा नेट मीटरिंगचा गाभा त्यातून पुन्हा चर्चेत आला. सोसायटीने हरकत पाठवली. या वेळी सोबत दुपारी चालणाऱ्या पंपांची तासागणिक नोंद होती आणि रस्त्यावरच्या आणखी चार सोसायट्यांची बिलं.